खोलीतला चौथा

त्याला सगळे कवळी म्हणत, कारण त्याचं कामच ते होतं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे ठसे यायचे. त्यावरून तो प्लास्टरचे जबडे ओतायचा आणि त्या जबड्यांवर नवे दात बसवायचा. बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत त्याचं टेबल होतं आणि भिंतीवरच्या फळ्यांवर जबड्यांच्या रांगा. पहिल्यांदा आत आलेला माणूस जरा दचकायचा. एवढी तोंडं उघडी आणि बोलत एकही नाही. कवळीला त्याचं काही वाटत नसे, तो स्वतःही फारसा बोलणारा नव्हता. कुणी धंद्याची चौकशी केली की म्हणायचा, "आमच्याकडे नुसते दात मिळतात, चणे ज्याचे त्यानं बघायचे." एवढा एकच विनोद त्याच्याजवळ होता आणि तो त्यानं वर्षानुवर्षं पुरवून वापरला होता.

बोलणं तो साठवून ठेवायचा ते रविवारच्या दुपारसाठी.

वसतिगृहात एका खोलीत राहिलेले ते चौघं मित्र. कवळी, मास्तर, ड्रायव्हर आणि म्हातारा. मास्तर गणित शिकवायचे, ड्रायव्हर लांब पल्ल्याच्या बसवर होता. म्हातारा सभा-समारंभांना माइक आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा. बाराव्या वर्षीच तो गळ्याला मफलर गुंडाळून पोरांना "जपून रे" म्हणायचा, तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं होतं. पुढे चौघं चार गावांना पांगले. लग्नाकार्याला भेट व्हायची, तीही घाईघाईत. मग कुणीतरी जहाजाचा तो खेळ शोधून काढला. चौघांनी आपापल्या घरी संगणकापुढे बसायचं आणि मिळून एक मालवाहू जहाज चालवायचं. एकानं सुकाणू धरायचं, एकानं इंजिन सांभाळायचं, एकानं माल बघायचा आणि एकानं वर उभं राहून समुद्र न्याहाळायचा. न बोलता ते जहाज बंदरातून बाहेरसुद्धा पडत नाही.

तेव्हा बोलण्याची सोय म्हाताऱ्यानं केली. एका जुन्या संगणकावर त्यानं एक जुनाट, फुकटचा प्रोग्राम चढवला आणि तो संगणक आपल्या घरी कायमचा चालू ठेवला. बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं. त्या जागेला ते 'खोली' म्हणत. आत कोण कोण आहे त्यांची नावं एकाखाली एक दिसत. बोलायच्या वेळी बटण दाबायचं, अशीही एक सोय त्यात होती. म्हाताऱ्यानं ती साफ नाकारली. "बटण दाबून बोलायला आपण काय पोलीस आहोत?" असं म्हणाला. त्यामुळे चौघांचे माइक सतत उघडे असत आणि बोलण्याबरोबर चार घरंही ऐकू येत. मास्तरांचा गळका नळ, ड्रायव्हरचा कुत्रा, कवळीच्या बायकोचं फोनवरचं बोलणं. म्हाताऱ्याच्या खोलीतून यायची ती टेबलपंख्याची टकटक. धंद्यातला चांगला माइक स्टँडला लावून त्यानं नेमका पंख्याशेजारी ठेवला होता. कितीदा सांगून झालं, तो हलवला नाही. पंखा संगणकासाठी आहे म्हणायचा, मशीन तापतं.

एका शुक्रवारी सभागृहात स्पीकर उचलता उचलता म्हातारा पायरीवर बसला तो उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. तिघं जाऊन आले. त्याच्या आईजवळ, काकूंजवळ, बसले. लग्न त्यानं केलं नव्हतं, घरात ती दोघंच असायची. बहीण दूरच्या गावी होती. काकूंनी तिघांच्याही डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, जेवून जा.

घरी आल्यावर कवळीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आदल्या रविवारी खेळ संपल्यावर मास्तर आणि ड्रायव्हर निघून गेले होते. कवळीही निघत होता, तेवढ्यात म्हातारा म्हणाला होता, "थांब जरा." बायको बाहेर जायला तयार होऊन दारात उभी होती. "पुढच्या रविवारी," असं म्हणून कवळीनं संगणक बंद केला होता. आता तो जबडे घासत बसला की मध्येच हात थांबायचा. काय सांगायचं असेल त्याला? छातीत दुखत होतं का? की नेहमीसारखं काहीतरी फुटकळ? उत्तर देणारा माणूस गेला होता आणि प्रश्न मात्र रोज कामावर हजर व्हायचा.

काही आठवडे कुणी खेळाचं नाव काढलं नाही. मग एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, कवळीनं तो जुना प्रोग्राम उघडला. का उघडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. खोली तशीच होती. आणि खोलीत एक नाव होतं, म्हातारा.

हेडफोनमधून पंख्याची टकटक येत होती. नेहमीची तीच, तीन ठोके नीट आणि चौथा अडखळलेला. तो हलला नाही. श्वास घ्यायचीही त्याला चोरी झाली, कारण माइक उघडा होता आणि पलीकडे जे कोण होतं त्याला तो ऐकू गेला असता. बराच वेळ तसं बसून शेवटी त्यानं हळूच विचारलं, "आहेस का?" पंखा चालू राहिला.

मास्तरांना फोन केला तेव्हा मास्तर त्यांच्या वर्गातल्या आवाजात समजावू लागले. यात भुताखेताचं काही नाही. संगणक कुणी बंद केलेला नाही. वीज गेली आणि आली की तो आपोआप सुरू होतो, प्रोग्रामही आपोआप उघडतो, म्हाताऱ्यानंच तशी व्यवस्था करून ठेवली होती. पंखाही त्याच बटणावर असणार. कवळीला हे सगळं पटलं. पटलं तरी दुसऱ्या दिवशी जबड्यांच्या फळ्यांकडे पाठ करून काम करणं त्याला जमेना. तो खुर्ची फिरवून बसला.

पुढच्या रविवारी तिघंही खोलीत आले. चौथं नाव होतंच. ड्रायव्हर सवयीनं बोलून गेला, "चला, म्हाताऱ्या, नांगर उचल." आणि मग त्याचं त्याच्या लक्षात आलं. पण जहाज निघालं. टेहळणीची जागा रिकामी ठेवून ते खेळले, दोनदा खडकावर आपटले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्या नावाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, पण आल्याबरोबर तिघंही आधी ते नाव बघत होते.

मग एक नवीनच त्रास सुरू झाला. बोललेलं परत येऊ लागलं. कवळी म्हणायचा, "डावीकडे घे," आणि क्षणभरानं त्याच्याच कानात, लांबून, कुठल्यातरी मोठ्या खोलीतून आल्यासारखं त्याच्याच आवाजात यायचं, "डावीकडे घे." तिघांचंही तसंच व्हायचं. ड्रायव्हर म्हणाला, त्याला बोलायचीच भीती वाटायला लागली आहे. कुणीतरी मागे उभं राहून आपली नक्कल करतंय असं वाटतं. एकदा मध्येच खुर्ची करकरली. तिघांनीही एकमेकांना विचारलं, तुझी का? कुणाचीच नव्हती.

"आता पुरे," मास्तर म्हणाले. "मशीन जुनं झालंय, प्रोग्राम जुना झालाय. हे असं बसणं आपल्यालाही चांगलं नाही. नवीन काहीतरी निवडू."

ड्रायव्हरला ते नको होतं, पण नको का ते त्याला सांगता येईना. शेवटी काम कवळीच्या गळ्यात पडलं. तू निवड, तू चिकित्सक आहेस, तुला लोकांच्या तोंडातला केसाएवढा फरक कळतो.

कवळीनं ते मनावर घेतलं. कदाचित काहीतरी हाताशी हवं होतं त्याला. पहिला प्रोग्राम सगळी तरुण मुलं वापरतात तो. आवाज उत्तम, पण उघडल्याबरोबर नुसती जत्रा. चित्रं उडतात, घंटा वाजतात, ओळखदेख नसलेली माणसं आपल्या गटात या म्हणून बोलावतात, शिवाय फोन नंबर द्या, फोटो लावा. मास्तर म्हणाले, भीक नको पण कुत्रं आवर. दुसरा प्रोग्राम खेळातच बसवलेला होता, वेगळं काही करायला नको. पण त्यातला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, आणि जहाज बुडालं की बोलणंही बंद. बुडाल्यावरच तर खरं बोलायचं असतं, असं ड्रायव्हरचं म्हणणं. तिसरा साधा होता. एक खोली, आत माणसं, बाकी काही नाही. वर्षाला थोडे पैसे भरले की खोली त्यांच्या मशीनवर राहणार, कुणाच्या घरी संगणक जागता ठेवायला नको.

दर रविवारी ते थोडा वेळ नवीन प्रोग्राम तपासायचे आणि मग खेळायला जुन्या खोलीत परत यायचे. नवीन खोल्यांमध्ये एक गोष्ट तिघांनाही जाणवली. या सगळ्या प्रोग्रामांना एक गाळणी होती. माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा आणि बाकी सगळं गाळून टाकायचं. नळ गेला, कुत्रा गेला, रस्ता गेला. बोलणं थांबलं की अशी शांतता पसरायची की ड्रायव्हर लगेच विचारायचा, "आहात ना रे?" थोड्या वेळानं मास्तर विचारायचे, "आहात ना?" घराचा आवाज नसला की माणूस बोलत नसताना असतो की नसतो, ते कळायला मार्ग नव्हता.

कवळीचं मत तिसऱ्या प्रोग्रामकडे झुकलं होतं. त्यातली गाळणी फक्त त्याच प्रोग्रामला नव्हे, संगणकातून येणाऱ्या कुठल्याही आवाजाला लावता येत होती. त्यानं ती लावून बघितली होती आणि काढायची राहून गेली होती. त्या रविवारी तो वेळेआधीच जुन्या खोलीत जाऊन बसला. आता थोडेच रविवार उरले होते, पंखा ऐकावा असं त्याच्या मनात होतं.

पंखा नव्हता.

त्याला वाटलं, झालं, मशीन बंद पडलं. पण नाव होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, गाळणीनं पंखा काढून टाकला आहे. ती बंद करायला त्यानं हात पुढे केला आणि हात तसाच राहिला.

पंख्याच्या मागे कुणीतरी बोलत होतं.

फार बारीक आवाज, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल कळत होती. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारी, नंतर दमून खाली बसणारी. ती चाल म्हाताऱ्याची होती. हे यंत्रच पंख्याच्या आवाजातून माणूस तयार करतंय का, असंही त्याच्या मनात आलं. त्याला हेडफोन फेकून द्यायचे होते आणि त्यानं आवाज वाढवला.

"...सगळं सोसतं रे. संध्याकाळ तेवढी सोसत नाही."

'स' म्हणताना शीळ वाजत होती. प्रत्येक 'स'ला. ती शीळ ऐकली आणि कवळीला एकदम कळलं. खालची कवळी सैल झाली की अशी शीळ वाजते. आणि ती कवळी त्यानंच केली होती, म्हाताऱ्याच्या आग्रहावरून, काकूंसाठी. बसवली तेव्हा ती घट्ट बसली होती. हिरड्या इतक्या लवकर झिजत नाहीत. माणूस जेवेनासा झाला, अंगानं उतरला, की मात्र झिजतात.

काकू मुलाला दिवस सांगत होत्या. सकाळी नळाला पाणी नव्हतं. खालच्या बाईंनी दोन बादल्या दिल्या. तुझी ताई फोनवर म्हणते माझ्याकडे ये, मी म्हटलं बघू. खुर्ची करकरली. मग त्या म्हणाल्या, "आता येतील ती पोरं. मी गप्प बसते."

आणि खरोखरच, टिंग असा आवाज होऊन मास्तरांचं नाव खोलीत आलं, पाठोपाठ ड्रायव्हरचं. "चला, म्हाताऱ्या, नांगर उचल," ड्रायव्हर म्हणाला. हे तो आता दर रविवारी म्हणत असे. ते कोण ऐकत होतं, हे तिघांपैकी फक्त कवळीला माहीत होतं. डोकं दुखतंय, एवढं कसंबसं सांगून तो उठला.

बायको घरी आली तेव्हा तो अंधार पडला तरी दिवा न लावता बसला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकल्याची लाजही सांगितली. ती म्हणाली, "ऐकलंस ना? मग आता न ऐकल्यासारखं करू नकोस. जा."

तो सकाळच्या गाडीनं गेला. बरोबर घासायचं छोटं यंत्र, अस्तराची गुलाबी पूड आणि तिचं द्रावण घेतलं. दात बघायला आलो म्हटलं की बाकीचं काही सांगावं लागणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

काकूंनी दार उघडलं. त्या निम्म्या झाल्या होत्या. "तुझे हे दात," त्या म्हणाल्या, "बोलायचं तर तोंडात धरून ठेवावे लागतात. घोड्याच्या लगामासारखे." त्यानं त्यांना खिडकीशी बसवलं, कवळी काढून घेतली, आतून घासली, अस्तर भरून तोंडात बसवली, परत काढली आणि कोमट पाण्याच्या वाटीत ठेवली. अस्तर घट्ट व्हायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ काकू तोंडावर पदर धरून बसल्या. मधल्या दारातून म्हाताऱ्याची खोली दिसत होती. टेबल, पंखा, स्टँडवरचा माइक. खुर्ची खाटेजवळ ओढलेली होती.

जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेच त्याच्या तोंडून आलं. "काकू, मला ऐकू आलं."

त्यांनी वळून बघितलं. "काय?"

"थोडंसं. एकदाच. मुद्दाम नाही."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं, कुणालाच जात नाही."

दात नसल्यामुळे त्यांचे शब्द मऊ, कडा झिजल्यासारखे येत होते. त्या सांगत गेल्या. वेड लागलेलं नाही मला. तो गेला, मी बघितलंय. पण स्वयंपाकघरात बोललं की भिंतीला लागून परत येतं. त्या खोलीत बोललं की कुठेतरी जातं. मशीनला हात लावू नकोस, पंखा बंद करू नकोस, एवढं त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून लावला नाही. एकदा झाडताना कानाला लावायच्या त्या वस्तूची वायर निसटली आणि एकदम तुम्हा सगळ्यांचे आवाज खोलीत आले. "मला वाटलं, सगळे घरी आलात. मी भांडं घासत होते ती तशीच उठून आले."

म्हणजे तिथूनच ते परत येत होतं. तिघांचं बोलणं त्या खोलीतल्या स्पीकरमधून बाहेर पडून त्याच माइकमध्ये पुन्हा शिरत होतं. कवळीला मास्तरांना हे सांगावंसं वाटलं आणि मग वाटलं, नको.

"तुम्ही शिव्या फार देता," काकू म्हणाल्या.

"हो," कवळी म्हणाला.

मग त्यानं विचारलं. त्या रविवारी तो मला थांब म्हणाला होता, मी थांबलो नाही. त्याला काय सांगायचं होतं, तुम्हाला काही बोलला का? काकूंनी नकारार्थी मान हलवली. "तो सगळ्यांनाच थांब म्हणायचा. मी झोपायला निघाले की मलाही. थांबलं की म्हणायचा, काही नाही, बस. त्याला सांगायचं काही नसायचं रे. माणूस उठून गेलेलं त्याला आवडायचं नाही."

कवळीच्या छातीवरचा भार उतरायला हवा होता. उतरला नाही, थोडा बाजूला सरकला. काही सांगायचं नसलं तरी थांबायला हरकत नव्हती, असंही वाटून गेलं.

अस्तर घट्ट झालं. त्यानं कडा घासून कवळी तोंडात बसवली. काकूंनी जबडा हलवून बघितला, एक-दोन शब्द म्हणून बघितले. शीळ गेली होती. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तिघं बोलता. मध्येच कुणीतरी हसतं. तो कोण?"

"कसं हसतं?"

काकूंनी करून दाखवलं. नाकातून एक श्वास, मग घशात अडकल्यासारखा एक हुंकार, आणि थांबणं. तसं ना मास्तर हसायचे ना ड्रायव्हर. कवळी तर हसायचाच नाही. तसं हसणारा एकच होता.

"ड्रायव्हर असेल," तो म्हणाला.

"असेल," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

चहा होईपर्यंत तो त्या खोलीत जाऊन आला. मशीनला हात लावला तर ते भाजत होतं आणि आतून दळल्यासारखा आवाज येत होता. ते फार दिवस काढणार नव्हतं. एक दिवस काकू बोलत बसतील आणि ते कुठेच जात नसेल, आणि त्यांना ते कळणारही नाही. त्यानं तिथूनच दोघांना फोन केला आणि सगळं सांगितलं. फक्त हसण्याचं सांगितलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मी दर वेळी म्हाताऱ्याला नांगर उचलायला सांगत होतो." मास्तर म्हणाले, आता निवडायचं ते एकाच कसोटीवर. काकूंना उघडता येईल का?

त्या कसोटीवर जत्रा पहिल्या फेरीतच बाद झाली, विहीरही. तिसरा प्रोग्राम उरला. कवळीनं आपला जुना पण धडधाकट संगणक पुढच्या खेपेला नेऊन बसवला. पडद्यावर एकच मोठं चित्र ठेवलं, ते दाबलं की खोली. प्रत्येकाची गाळणी वेगवेगळी बंद करता येत होती, ती त्यानं चौघांचीही बंद केली. बोललेलं परत येऊ नये याची सोय मात्र चालू ठेवली. शेवटी प्रोग्रामनं नाव विचारलं. कवळीनं काकूंकडे बघितलं. काकू पडद्याकडे बघत होत्या.

"त्याचं घालू का?" त्यानं विचारलं.

"नको. माझं घाल."

आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत ते त्यानं पहिल्यांदा ऐकलं. वसतिगृहापासून त्या काकूच होत्या. त्यानं ते टंकलं आणि जुनं मशीन बंद केलं. तो ते बंद करत असताना काकू स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि नळ मोठा सोडून उभ्या होत्या.

त्यानंतर रविवारी खोलीत चौघांची नावं असत. सुरुवातीला काकू नुसत्या बसायच्या. मग कवळीनं त्यांच्या पडद्यावर जहाजही दिसेल असं केलं आणि हळूहळू त्यांना त्यातलं कळू लागलं. समोर खडक आहे हे जहाजावरच्या तिघांआधी त्यांच्या लक्षात यायचं, कारण त्या इतर कशात गुंतलेल्या नसायच्या. ड्रायव्हर शिव्या अर्ध्यावर गिळायला शिकला. अधल्यामधल्या दिवशी दुपारी कवळी जेवायला घरी आला की त्यांचं नाव कधीकधी एकटंच दिसायचं. तो आत जायचा नाही. त्या वेळी त्या कुणाशी बोलत असतील, तर ते त्यांचं त्यांना बोलू द्यावं.

एकदा खेळ संपताना त्या म्हणाल्या, "आता आवाज छान येतो. स्वच्छ. पण तो हसणारा येत नाही."

मास्तरांनी नंतर कवळीला फोन करून विचारलं, कोण हसणारा? कवळीनं सांगितलं. मास्तर वर्गातल्या आवाजात काहीतरी समजवायला लागले, प्रतिध्वनी, जुना प्रोग्राम, तुकडे साठून राहतात, मागेपुढे होतात. मग मध्येच थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे. आपण एकदा जाऊन येऊ तिकडे."

गेले तिघं. एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी. निरोपाच्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. दर रविवारी तासन्‌तास बोलणारी ती माणसं म्हाताऱ्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली आणि एकालाही तोंड उघडता येईना. मास्तर किती पिकले होते. ड्रायव्हरच्या हाताला कंप होता, तो आवाजात कधी आला नव्हता. खाटेवर दोघांपुरती जागा होती आणि टेबलापुढे ती खुर्ची होती. खाटेवर कुणी बसेना, कारण मग तिसऱ्याला खुर्चीवर बसावं लागलं असतं.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी तिघांकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. ट्रे टेबलावर ठेवला.

"उभे काय राहिलात? सरका," त्या म्हणाल्या आणि स्वतः त्या खुर्चीवर बसल्या. ती करकरली. तिघं खाटेवर दाटीवाटीनं बसले आणि काकूंनी एकेकाला कप दिला.